वाड्याचं सागवान, वेताची बैठक आणि आईचं माप

खुर्ची करून घेतोय म्हटलं की लोक आधी लाकडाचं विचारतात. आमची सुरुवात उंचीपासून झाली, कारण सगळी अडचण तिथेच होती. माझ्या आईची उंची पाच फुटांच्या आत. दुकानातल्या बहुतेक खुर्च्यांची बैठक जमिनीपासून १७-१८ इंचांवर असते. तिथे बसलं की तिचे पाय लोंबकळतात, पुढची कड मांडीखाली रुतते आणि थोड्याच वेळात पायाला मुंग्या येतात. बरं, ठेंगणी खुर्ची घ्यावी तर गुडघे उठू देत नाहीत. बैठक जितकी खाली तितका उठताना गुडघ्यांवर भार जास्त, हे तिच्या फिजिओथेरपिस्टने नीट समजावून सांगितलं होतं. आयुष्यभर पाटावर बसून जेवलेल्या, भाजी निवडलेल्या बाईला आता खालीही बसवत नाही आणि वरही धड बसता येत नाही, हे रोज बघवत नव्हतं.

कोथरूडपासून कॅम्पापर्यंत फर्निचरची दुकानं पालथी घातली. 'पारंपरिक कारागिरीतून प्रेरित' अशी चिठ्ठी लावलेल्या खुर्च्या हल्ली पुष्कळ दिसतात. कुठे पाठीवर वारली चित्रं, कुठे हातांवर ठोकलेली पितळी फुलं, कुठे छापील पैठणीचा मोर. खुर्ची उलटी करून पाहिली की खाली तेच दाबलेल्या भुशाचं एमडीएफ, तेच स्क्रू, तोच लोखंडी अँगल. वरची कारागिरी खरवडून काढली असती तरी खुर्चीचं काहीच बिघडलं नसतं. मला याचा मनापासून राग येतो. लाकूड कुठे जाड ठेवायचं, कुठे बारीक करायचं, कोणता जोड किती ओढ सोसेल, हे सुताराला ठाऊक असतं. ते सोडून आपण फक्त नक्षी उचलतो आणि तिलाच परंपरा म्हणतो.

माझ्या मैत्रिणीची मुलगी फर्निचर डिझाइन शिकलेली. कर्वेनगरात ती आणि एक मिस्त्री मिळून छोटं वर्कशॉप चालवतात. मी गेले तेव्हा तिने कागद-पेन्सिल काढलीच नाही. "मावशी, आधी आजींना घेऊन या," म्हणाली.

आईला बाकावर बसवून तिच्या पायाखाली प्लायचे तुकडे एकेक करून सरकवले. पाऊल सपाट टेकलं, मांडीखालचा दाब गेला, तिथे थांबून मोजलं. गुडघ्यामागच्या खळग्यापासून टाचेपर्यंत १५ इंच. मग बैठकच एकेका तुकड्याने वर चढवत नेली आणि आई कितीवर गुडघा न धरता उठते ते पाहिलं. १७ इंच. बसायला पंधरा हवेत, उठायला सतरा. या मधल्या दोन इंचांवर मुलगी आणि मिस्त्री बराच वेळ बोलत राहिले. तोडगा आईनेच काढला. "अगं, पायाखाली पाट घेईन की मी. ओट्यापाशी उभी राहताना घेतेच ना?"

तेच ठरलं. खुर्ची सतरा इंचांची, सोबत दोन इंच उंचीचा पाट, नको तेव्हा तो खुर्चीखाली सरकवायचा. पण त्यातून पुढची गोष्ट निघाली. उठताना माणूस आधी पावलं मागे घेतो, मग पुढे झुकतो. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी असली की टाचा तिथे अडतात. पाटालाही ती आडवी येणार. म्हणून पुढची पट्टी काढून टाकली, दोन्ही बाजूंना एकेक आणि त्या दोघींना मध्यावर जोडणारी एक, अशी रचना केली. खुर्चीचे हात तिच्या पुढच्या पायांच्याही थोडे पुढे आणले, टोकं गोल आणि मुठीत मावतील अशी. वाकून उठताना आई जिथे आधार शोधते नेमक्या तिथे ती टोकं येतात. पॅकिंगच्या पाइनची एक कच्ची खुर्ची करून घरी दिली. आई तिच्यावर बसून पेपर वाचायची, शेंगा सोलायची, आणि पाठीचा कल जरा कमी हवा वगैरे जे वाटेल ते सांगायची.

त्या दिवसांत मुलीने मला जगभरच्या खुर्च्या दाखवल्या. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरची १९४९ ची 'विशबोन' आज कितीही आधुनिक दिसली तरी तिचं मूळ चीनच्या मिंग काळातल्या खुर्चीत आहे. वेग्नरने तिथली नक्षी घेतली नाही. पाठ आणि हात एकाच वळणदार लाकडात करण्याची युक्ती घेतली. बैठक कागदी दोरीची, एका खुर्चीला साधारण १२० मीटर दोरी लागते आणि आजही ती हातानेच विणतात. इटलीत जिओ पोंतीने किआवारी गावच्या जुन्या हलक्या खुर्च्यांवरून 'सुपरलेजेरा' केली. १९५७ साली बाजारात आलेल्या त्या खुर्चीचं वजन फक्त १.७ किलो. गावच्या सुतारांनी लाकूड वाचवत वाचवत जे साधलं होतं तेच त्याने आणखी पुढे नेलं.

आणि आपलं चंदीगड. या शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, आर्किटेक्ट पिएर जानरे १९५१ मध्ये तिथे आला आणि १९६५ पर्यंत राहिला. नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी, महाविद्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या हजारो खुर्च्या घडल्या, त्या इथल्याच सुतारांच्या हातून. यूली चौधरींसारख्या भारतीय आर्किटेक्टही त्या कामात होत्या. पुढे त्या खुर्च्या निकाली काढल्या गेल्या, गच्च्यांवर ढीग पडले, भंगाराच्या भावाने गेल्या, आणि मग परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखोंनी किंमत येऊ लागली. लिलावात नाव जानरेचं येतं. ज्यांनी कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारी लाकडाची टोकं, कापले, ज्यांनी वेत विणला, त्यांचं नाव कुठेच नाही. हे मला फार खटकतं आणि आमच्या खुर्चीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही हे तेव्हाच मनाशी ठरवलं.

आमच्या खुर्चीचं मूळ मात्र मुलीने पुण्यातच शोधलं. एका सकाळी ती मला आणि मिस्त्रींना विश्रामबागवाड्यासमोर घेऊन गेली. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा, त्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग आणि ते सुरूदार खांब. बाजीराव रोडने मी हजारदा गेले असेन, पण खांबांकडे मान वर करून पाहत उभी राहिले ती त्या दिवशी. सुरूच्या झाडासारखा आकार, फुगत जाऊन पुन्हा निमुळता होणारा. "हा फुगवटा नुसता शोभेचा धरू नका," ती म्हणाली. खुर्चीच्या पायालाही सगळीकडे सारखी जाडी लागत नाही. जिथे सांधा येतो तिथे लाकूड भरपूर हवं, कारण तिथेच आपण ते पोखरतो. खाली-वर ते बारीक झालं तरी चालतं, उलट खुर्ची हलकी होते. म्हणून आमच्या खुर्चीचा पाय तळाशी सव्वा इंच, सांध्यापाशी पावणेदोन इंच, वर पुन्हा बारीक. कमळ नाही, वेलबुट्टी नाही. तरी खुर्ची पाहून पेठेत वाढलेली माझी आत्या चटकन म्हणाली, "हे वाड्याच्या खांबासारखं वाटतंय."

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका वखारीतून घेतलं. पेठांमधले वाडे उतरवले की तुळया, खांब, कडीपाट अशा वखारींत येऊन पडतात. जुनं सागवान स्वस्त पडतं हा समज काढून टाका. घनफुटाचा भाव कमी वाटला तरी खिळ्यांची भोकं, तडे, कुजकी टोकं टाळून कापायचं तर निम्मं वाया जातं. मिस्त्री प्रत्येक तुळईवर आधी चुंबक फिरवायचे. आत तुटून राहिलेला एक खिळासुद्धा मशीनच्या पात्याचे दात घालवतो. नंतर पटाशीने कोपऱ्यात थोडं खरवडून वास घ्यायचे. शंभरावर वर्षं झालेल्या लाकडाचासुद्धा तो तेलकट, चामड्यासारखा वास येतोच. जिथे लोखंडी खिळा होता तिथे सागवान शाईसारखं काळं पडतं, ते डाग रंध्याने जात नाहीत. मुलीने ते मुद्दाम मागच्या पट्टीवर ठेवले. निवडलेल्या तुळईच्या टोकावर पटाशीने मारलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला. "जोडणीची खूण आहे ताई. खालीच सगळं कापून, जुळवून बघायचं आणि मग वर चढवायचं. कुठली तुळई कुठे, ते या रेघांवरून."

सांध्यांबद्दल मिस्त्री आणि मुलगी यांच्यात खरी खडाजंगी झाली, आणि ती मला ऐकायला मिळाली हे माझं भाग्य. मुलीच्या कागदावर बाजूच्या पट्ट्या आणि मागची पट्टी पायात एकाच उंचीवर येत होत्या. मिस्त्री म्हणाले, दोन कुसू आत एकमेकांना भिडणार, दोन्ही आखूड होणार, आणि खुर्ची नेहमी तिथूनच खिळखिळी होते, कारण माणूस टेकून मागे रेलतो. त्यांनी बाजूची पट्टी अर्धा इंच खाली घेतली, म्हणजे कुसू एकावर एक गेले आणि दोघांनाही पुरती खोली मिळाली. दिसायलाही ते जास्त चांगलं झालं, हे मुलीने लगेच मान्य केलं. पाय चौकोनी असतानाच आधी खाचा पाडायच्या, गोलाई नंतर, हेही मिस्त्रींचंच. एकदा पाय गोल झाला की काटकोन बघायचा गुण्या कुठे लावणार?

सगळ्यात सुंदर काम मेखांचं. कुसू खाचेत बसला की आरपार भोक पाडून त्यात लाकडी मेख ठोकतात, एवढं मला माहीत होतं. पण मिस्त्री खाचेतलं भोक आणि कुसूतलं भोक मुद्दाम एका रेषेत ठेवत नाहीत. कुसूतलं भोक नखाएवढं कुसूच्या बुडाकडे घेतात. मेख ठोकली की ती वाट काढताना कुसूला आत ओढते आणि सांधा करकचून बंद होतो. फेविकॉल लावला होता, पण तो नसता तरी चाललं असतं. मेखा पक्क्या वाळलेल्या बांबूच्या, टोकाला किंचित निमुळत्या. हातोडीचा आवाज ऐकत राहायचं. शेवटच्या घावाला तो बदलतो, बद्द वाजतो. तिथे थांबायचं. आणखी एक घाव म्हणजे पाय चिरला.

आता वेत. वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू पोकळ, वेत भरीव. ताडामाडाच्या कुळातला तो काटेरी वेल, दुसऱ्या झाडांच्या आधाराने चढत जातो. सह्याद्रीच्या दक्षिण भागात, ईशान्येत, अंदमानात तो वाढतो. खुर्ची विणायला त्याच्या चकचकीत सालीच्या अरुंद पट्ट्या वापरतात. आजकाल बाजारात मशीनवर विणलेली जाळी रोलवर मिळते. ती खाचेत दाबून, गोंद लावून, वरून पट्टी ठोकतात. झटपट होतं, स्वस्तही पडतं, पण एका जागी फाटली की अख्खी जाळी उचकटावी लागते. हाताच्या विणीत प्रत्येक पट्टी आपापल्या भोकात स्वतंत्र बांधलेली असते, भार सगळ्या चौकटीवर वाटला जातो.

विणणारे काका येरवड्याला राहतात. त्यांना दिसत नाही. खुर्ची विणणं हा अंधशाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला धंदा आहे. काकाही तिथेच शिकले. त्यांच्या उमेदीच्या काळात सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या टेम्पोने यायच्या, असं त्यांनी सांगितलं. आमचा आराखडा त्यांना दाखवायचा म्हणजे कच्ची खुर्ची हातात द्यायची. त्यांनी बैठकीच्या कडेने बोटं फिरवली, कोपऱ्यात थांबले आणि विचारलं, "इथे सांधा आणि इथेच माझं भोक? मग लाकूड उरलं किती?" मिस्त्री गप्प झाले. थोड्या वेळाने काकाच म्हणाले, "बैठकीची चौकट वेगळी करा. वर नुसती बसवा. दहा-पंधरा वर्षांनी वेत बदलायचा झाला तर या ताई काय अख्खी खुर्ची घेऊन येणार? चौकट पिशवीत घालून रिक्षाने येईल." तिथल्या तिथे डिझाइन बदललं. आज खुर्चीची बैठक हाताने वर उचलली की निघते, आणि ती रचना काकांची आहे.

मी त्यांच्याकडे बसून पाहिलेलं सांगते. वेताच्या पट्ट्या आधी वीसेक मिनिटं पाण्यात भिजवायच्या. चौकटीला अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं. पुढची बाजू मागच्यापेक्षा रुंद, म्हणून पुढे चार भोकं जास्त. काका आधी दोन्हीकडची मधली भोकं शोधतात आणि तिथून सुरुवात करून कडेकडे जातात, म्हणजे तिरपेपणा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. पहिला थर पुढून मागे. दुसरा त्यावर आडवा, नुसता ठेवलेला. तिसरा पुन्हा पुढून मागे, पहिल्याच भोकांतून पण त्याच्या किंचित उजवीकडे. इथवर विणकाम नाहीच, फक्त पट्ट्या एकमेकींवर. चौथा थर आडवा, आणि तो मात्र विणायचा, तिसऱ्याच्या वरून आणि पहिल्याच्या खालून. तो ओढला की सैल पडलेली जाळी एकदम चौकोनांत उभी राहते. भोकांत लाकडी खुंट्या खोचून ताण धरून ठेवतात, एका खुंटीची पट्टी पक्की झाली की तीच खुंटी पुढे जाते.

मग तिरक्या पट्ट्या, एक या दिशेची, एक त्या. एक दिशा उभ्या जोड्यांच्या वरून आणि आडव्यांच्या खालून, दुसरी बरोबर उलट. चुकून अदलाबदल झाली तरी लांबून जाळी तशीच दिसते, पण पट्ट्या एकमेकींच्या कडांवर घासतात आणि काही वर्षांत तिथेच कापल्या जातात. काका हे कानाने ओळखतात. बरोबर गेलेली पट्टी ओढली की सळसळत येते, चुकलेली कर्र करते. त्यांनी मुद्दाम एक चुकीची घालून मला ओढायला दिली. हाताला फरक कळला, अगदी स्पष्ट. अष्टकोनी भोकांची ती ओळखीची जाळी तयार झाली की शेवटी कडेने रुंद पट्टी फिरवून भोकं झाकायची. ओल्या जाळीवर टिचकी मारली तर आवाज दबका येतो. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर मारली तर ताणलेल्या चामड्यासारखी टणटणली.

पॉलिशचं थोडक्यात सांगते. चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नको होतं, म्हणून रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, फडक्याने पातळ पातळ चोळलं, दोन थरांच्या मध्ये नीट वाळू देऊन. घरी कोणी करणार असेल तर एक लक्षात ठेवा. तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, वाळताना ते आपोआप तापतं आणि पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवायचं, मग टाकायचं.

खर्च एकंदर २८ हजारांच्या घरात गेला. मुलीने बिल एका आकड्यात दिलं नाही. लाकूड, मिस्त्रींची मजुरी, वेतकाम आणि तिची फी अशा वेगवेगळ्या ओळी होत्या, आणि काकांनी सांगितलेल्या रकमेपेक्षा त्यांच्या ओळीतली रक्कम जास्त होती. कारण चौकट सुटी करण्याची कल्पना त्यांची, असं तिने त्यांना सांगितलं. हे मला फार आवडलं. डिझाइनचे पैसे डिझाइन करणाऱ्याला मिळाले पाहिजेत, आणि आमच्या खुर्चीत डिझाइन करणारी माणसं चार आहेत, आईला धरून.

खुर्ची आता बाल्कनीच्या दाराशी असते. आई सकाळी पेपर आणि संध्याकाळी भाजी तिच्यावरच घेऊन बसते. उठायच्या आधी पायाने पाट पुढे ढकलते, पावलं मागे घेते, हातांची टोकं धरते. मला हाक मारत नाही. उन्हाळ्यात पुण्याची हवा कोरडी पडली की महिन्यातून एकदा चौकट उलटी करून वेताला खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसते. वरची साल पाणी घेत नाही, खालची बाजू घेते. बैठक जरा सैल वाटली तरी हाच उपाय, वाळताना वेत पुन्हा ताठ होतो.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेताच्या दोन जुन्या खुर्च्या भंगारात द्यायला काढून ठेवल्या होत्या, बैठक फाटलेली, पण लाकूड शाबूत. चेअरमनना विचारून त्या मी काकांकडे पोचवल्या. एक विणून परत आली, वॉचमनच्या केबिनमध्ये वापरात आहे. दुसरी त्यांनी आपल्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला सरावासाठी दिली. तो चौथ्या थरापर्यंत आला आहे. तिरक्या पट्ट्या काका अजून त्याच्या हातात देत नाहीत, आधी आडवी वीण दोनदा उसवून पुन्हा घालायला लावली आहे.